बुधवारचा मासा

वार बुधवार. वेळ रात्रीचे पावणेदहा. स्थळ माझं किचन. म्हणजे दोन बर्नरची शेगडी, एक छोटा फ्रिज आणि सिंकमध्ये सकाळचा चहाचा कप. फ्रिज उघडला तर आत अर्धं लिंबू, केचपची बाटली, कोथिंबिरीची मान टाकलेली जुडी आणि परवाची डाळ. तिचा वास घेऊन पाहिला आणि झाकण परत लावलं. हातात मोबाइल होताच. चार वेळा बोट टेकवलं की पाऊण तासात बिर्याणी दारात. त्यातला निम्मा भात उद्या सकाळी टाकायचा आणि रात्री साडेबाराला अ‍ॅसिडिटीची गोळी शोधायची.

तुमचंही असंच होतं ना? खोटं नका बोलू!

मागच्या वर्षी कंपनीचं वार्षिक मेडिकल चेकअप झालं. रिपोर्टमध्ये दोन आकडे ठळक अक्षरात. बी-१२ कमी, व्हिटॅमिन डी कमी. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय खाता?’’ मी म्हटलं, ‘‘सगळं.’’ ‘‘सगळं म्हणजे काय? परवा रात्री काय खाल्लं?’’ मला आठवेना. म्हणजे अगदी खरंच आठवेना! ‘‘मासे खाता?’’ आता मात्र मी जरा ताठ बसले. ‘‘डॉक्टर, मी वेंगुर्ल्याची आहे.’’ त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न टाकला, ‘‘शेवटचे कधी खाल्ले?’’

तीन आठवड्यांपूर्वी. रविवारी. हॉटेलात. सुरमई थाळी.

डॉक्टर काही बोलले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि एवढंच म्हणाले, ‘‘गोळ्यांचा कोर्स संपेल. त्याच्यानंतर काय करायचं ते तुम्ही ठरवा.’’ रिक्षात बसल्यावर मला एकदम लाज वाटली. आमच्याकडे कोकणात मासे खायचे वार ठरलेले. बुध, शुक्र आणि रवि. बाकीचे वार देवाचे, हे तीन आमचे. पुण्यात नोकरीला आल्यावर त्यातला शुक्रवार टीम डिनरला गेला, रविवार हॉटेलवाल्याला गेला आणि बुधवार? तो कधी गेला ते कळलंच नाही. मी नावापुरती मासेखाऊ उरले होते.

मधल्या वारी मासा का नाही?

कारणं माझ्याकडे रेडी होती. ऑफिस सुटेपर्यंत मासळी बाजार आवरलेला. समजा सकाळी आणून ठेवले, तरी रात्री दहा वाजता खवलं काढत कोण बसणार? मग तो वास. रूममेट बिचारी काही म्हणत नाही, फक्त गॅलरीचं दार सताड उघडते. घरमालकांनी घर देताना ‘कधीतरी चालेल’ असं म्हटलंय, आणि त्या ‘कधीतरी’चा अर्थ आम्ही दोघी नीट समजून आहोत.

आणि मला जो मासा मनापासून आवडतो, त्याला तर मुळीच वाट बघवत नाही. तारली! हातभर लांबही नाही, चंदेरी, पोटात तेल भरलेली. सकाळी होडी लागली की दुपारच्या जेवणात तिचं तिखलं झालं पाहिजे. कोकम, तिरफळ, लाल मिरची, वर कच्च्या खोबरेल तेलाची धार. दुसऱ्या दिवसावर ढकलली तर गेलीच. जे तेल तिला चव देतं, तेच तेल ती पटकन बिघडवतं. त्यामुळे समुद्रापासून लांब राहणाऱ्याच्या नशिबी चांगली तारली क्वचितच. सुरमई, पापलेट बर्फात प्रवास सोसतात. तारलीचा स्वभाव तसा नाही.

मग एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर गोव्याला गेले होते. पणजीतल्या एका जुन्या दुकानात सगळे काजू घेत होते. मी मात्र शेल्फवरच्या एका चपट्या डब्याकडे बघत उभी. पिवळा-लाल कागद, त्यावर माशाचं जुन्या वळणाचं चित्र. पोर्तुगालहून आलेले सार्डिन, ऑलिव्ह ऑइलमध्ये. किंमत साडेतीनशे. खरं सांगते, मी तो चित्रासाठी घेतला. घरी आणला, मसाल्याच्या डब्यामागे ठेवला आणि चार महिने विसरले.

तो त्या बुधवारी सापडला.

कडी ओढली, पत्रा मागे वळला. आत पाच मासे, एकाला एक लागून, कातडी शाबूत आणि चकचकीत. वर सोनेरी तेल. काट्याने एक तुकडा मोडला. लिंबू पिळलं, कच्चा कांदा चिरला, कालच्या दोन चपात्या तव्यावर कडक केल्या. पहिला घास तोंडात गेला आणि मी उभ्याउभ्याच म्हटलं, अगं, ही तर आपली तारली!

गरिबाघरची, पण परदेशात वट

अगदी तीच नाही, चुलतबहीण म्हणा. आपल्या किनाऱ्यावरची तारली म्हणजे इंडियन ऑइल सार्डिन. केरळात तिला मत्ती म्हणतात. युरोपातला सार्डिन जातीने वेगळा, पण चवीची ठेवण तीच. दाट, तेलकट, समुद्राची ओळख न लपवणारी.

आणि आपल्याकडे हिची किंमत काय? पाहुणे आले की सुरमई, जावई आला की पापलेट, कोणी नसेल तेव्हा तारली. शाळेत माझ्या डब्यात तारली असली की मी झाकण अर्धंच उघडायचे. वास लपत नाही आणि वासावरून घरची परिस्थितीही लपत नाही. मासळी जास्त आली की लोक तारली माडाच्या मुळात खत म्हणून घालायचे. माडाला घालायची वस्तू पानात वाढली, तर पोराला लाज वाटणारच की!

तिकडे याच माशाचा थाट बघा. फ्रान्समध्ये चांगल्या सार्डिनच्या डब्यावर मासा पकडल्याचं वर्ष छापतात. वाइनवर छापतात तसं! शौकीन लोक असे डबे कपाटात वर्षानुवर्षं ठेवतात. मधूनमधून उलटे करतात, म्हणजे तेल सगळीकडे सारखं मुरतं आणि मासा आणखी मऊ होतो. लिस्बनमध्ये जूनच्या १२-१३ तारखेला संत अँथनीचा उत्सव असतो, तेव्हा गल्लोगल्ली निखाऱ्यावर सार्डिन भाजले जातात. अख्खं शहर त्या वासात न्हाऊन निघतं आणि कोणीही गॅलरीचं दार उघडत नाही.

डब्यात काय घालतात?

‘डबाबंद म्हणजे शिळं, प्रिझर्व्हेटिव्हवालं’ हा माझाही समज होता. म्हणून जरा वाचायला घेतलं.

हवाबंद अन्नाची युक्ती निकोला अपेर नावाच्या फ्रेंच आचाऱ्याची. काचेच्या बरणीत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बरणी उकळायची. एवढ्यासाठी फ्रेंच सरकारने त्याला १८१० मध्ये १२ हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे हे नेमकं का टिकतं ते अपेरलाही ठाऊक नव्हतं. जंतूंचं गणित लुई पाश्चरने मांडलं ते नंतर, १८६०च्या दशकात. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र त्याआधीच सार्डिनचे कारखाने उभे राहिले होते. तारलीचा जो अवगुण, पटकन बिघडण्याचा, त्यावरच हा सगळा धंदा उभा राहिला.

आजही पद्धत फारशी बदललेली नाही. मासा आणायचा, डोकं आणि पोट काढायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचा. वाफवायचा किंवा जुन्या ब्रिटनी पद्धतीने हलका तळायचा. डब्यात रचायचा, तेल घालायचं, डबा सील करायचा आणि मग मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात ११५ ते १२१ अंश सेल्सिअसला शिजवायचा. बस्स! टिकवण्याचं काम उष्णता आणि हवाबंद झाकण करतात. चांगल्या डब्यावर घटकांची यादी वाचा. मासा, तेल, मीठ. तुमच्या आवडत्या बिस्किटाच्या पुड्यावरची यादी वाचायला याच्या चौपट वेळ लागेल.

चांगल्या डब्यांत मासे रचण्याचं काम अजूनही हातानेच होतं, आणि हे हात बहुतेक वेळा बायकांचे असतात. पोर्तुगालमध्ये पोर्तोजवळच्या मातोझिन्योश गावात १९२० पासून चालू असलेला एक कारखाना तर डब्याला कागदही हातानेच गुंडाळतो. फ्रान्समधल्या दुआर्नने गावाची गोष्ट मला फार आवडली. तिथल्या कारखान्यांतल्या बायका १९२४च्या नोव्हेंबरमध्ये संपावर गेल्या. तासाला एक फ्रँकही मिळत नव्हता त्यांना. सहा आठवडे कडाक्याच्या थंडीत संप चालला आणि १९२५च्या जानेवारीत मालकांनी पगार वाढवून दिले. त्याच वर्षी त्यांच्यातली एक, जोझेफिन पांकाले, नगरपालिकेवर निवडूनही आली. फ्रान्समध्ये तेव्हा बायकांना मताचाही अधिकार नव्हता, म्हणून तिची निवड रद्द झाली. तो अधिकार मिळायला १९४४ उजाडलं. स्वस्त मासा, स्वस्त मजुरी. आपल्याकडच्या बंदरावर पाटी घेऊन बसलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आता आकड्यांचं बोलू

आपण एक्सेलवाली माणसं, आकड्याशिवाय पटत नाही. साधारण सव्वाशे ग्रॅमचा डबा घेतला तर तेल निथळून हातात येतो नव्वदेक ग्रॅम मासा. त्यात मिळतं काय?

प्रोटीन २२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन अंड्यांइतकं. कॅल्शियम ३४० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे सव्वा कप दुधाएवढं. हे येतं काट्यातून. डब्यात काटा इतका मऊ होतो की दाताखाली कळतही नाही. म्हणून ‘बिनकाट्याचा, बिनकातडीचा’ असा डबा घेतलात तर कॅल्शियमवर पाणी सोडलंत म्हणून समजा. बी-१२ आठ मायक्रोग्रॅमच्या आसपास. दिवसाची गरज अडीचच्या आगेमागे, म्हणजे तिप्पट! व्हिटॅमिन डी चार मायक्रोग्रॅमच्या वर. दिवसाला लागतं पंधरा. ऊन न बघता एसीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हेही नसे थोडके. ओमेगा-३ मधले कामाचे दोन घटक, ईपीए आणि डीएचए, मिळून पाऊण ते एक ग्रॅम. आणि कॅलरी सगळ्या मिळून दोनशेच्या आत.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणते, त्यातही तेलकट मासे. मला हे वाचून हसूच आलं. आमच्या वेंगुर्ल्यात बुध-शुक्र-रवि पाळणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांचा कोटा कधीच ओलांडलाय!

आणखी एक मुद्दा पाऱ्याचा. मोठे शिकारी मासे, मुशी किंवा तलवार मासा वगैरे, आयुष्यभर छोटे मासे खाऊन अंगात पारा साठवतात. सार्डिन असतो छोटा, जगतो कमी आणि खातो समुद्रातले बारीक जीव. त्यामुळे त्याच्यात पारा कमीच असतो.

पण म्हणून रोज डबे फोडत बसू नका बरं का! युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, गाऊटचा त्रास असेल तर सार्डिन जपून, कारण त्यात प्युरिन भरपूर. बीपी असेल तर लेबलवरचं मीठ आधी वाचा, डब्याडब्यात बराच फरक असतो. आणि ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे त्याने हा लेख फक्त करमणूक म्हणून वाचावा.

डबा कसा निवडायचा?

माझे फंडे साधे आहेत. एक, यादी छोटी हवी. दोन, तेल कुठलं ते स्पष्ट लिहिलेलं हवं. ऑलिव्ह ऑइल असेल तर ते ओतून देऊ नका, माशातले ओमेगा-३ थोडे त्यातही उतरतात. तीन, पहिला डबा टोमॅटो सॉसवाला घेऊ नका. तो वाईट असतो असं नाही, पण सॉसमुळे मासा कसा आहे ते कळत नाही. चार, उघडल्यावर मासे अख्खे, कातडी चमकदार आणि मांस घट्ट दिसायला हवं. चुरा झालेला असेल तर पुढच्या वेळी दुसरा ब्रँड. पाच, डबा फुगलेला असेल किंवा कडेच्या सांध्यावर चेपलेला असेल तर सरळ फेका. साडेतीनशे रुपये पोटापेक्षा मोठे नाहीत. सहा, उघडल्यावर उरला तर काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

साडेतीनशे जास्त वाटतात? मलाही वाटतात. म्हणून इंपोर्टेड डबा महिन्यातून एखादा. बाकी केरळात भरलेले मत्तीचे डबे मिळतात, ते बरेच स्वस्त पडतात. पण ऑर्डरची बिर्याणी, डिलिव्हरी चार्ज आणि नंतरची गोळी असा हिशेब मांडलात तर इंपोर्टेड डबाही तसा महाग नाही.

पाच मिनिटांत तीन प्रकार

१) टोस्ट. पाव कडक भाजा, डब्यातलं चमचाभर तेल त्यावर पसरा, मासा ठेवा, कांद्याच्या चकत्या, लिंबू, मिरपूड. शेगडी पेटवायचीही गरज नाही.

२) भुर्जी. डब्यातल्याच तेलात कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण परता. हळद, अर्धा चमचा मालवणी मसाला, भिजवलेली दोन कोकमं. मासा शेवटी घाला आणि फार ढवळू नका, तो शिजलेलाच आहे. वर कोथिंबीर. ती मान टाकलेली जुडी इथे कामाला येते.

३) भात. गरम वाफाळता भात, वर मासा, त्याचं तेल, चुरलेली तळलेली मिरची, कच्चा कांदा, मीठ लागलं तर. हा माझा लाडका. एका ताटात, एका चमच्याने, गॅलरीत बसून.

ऑफिसात मात्र नेऊ नका. आणि नेलाच तर मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको! थंडच खा, कोपऱ्यात बसून खा आणि रिकामा डबा धुऊन पिशवीत बांधून टाका. पॅन्ट्रीतल्या मैत्रीपूर्ण संबंधांचा प्रश्न आहे.

आईची परीक्षा

डिसेंबरात एका लग्नासाठी आई माझ्याकडे येऊन राहिली होती. बुधवारी मला यायला साडेनऊ झाले. ती म्हणाली, पिठलं टाकते. मी म्हटलं, बस, आज मी वाढते. आणि कपाटातून डबा काढला.

तिने चष्मा लावून डबा चारी बाजूंनी पाहिला. ‘‘ह्यां काय गो? डब्यातलो मासो? मेलो कधी तो?’’ मी तारीख दाखवली. त्याने तर प्रकरण आणखी चिघळलं. मग किंमत कळली. ‘‘साडेतीनशे? आमी तारले माडाच्या मुळात घालीत होतो!’’

मी काही न बोलता भात वाढला. कोकमाची कढी करून ठेवली होती, ती दिली. तिने एक तुकडा भाताबरोबर कालवला, खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघतेय, अ‍ॅप्रेझल मीटिंगमध्ये बॉसच्या तोंडाकडे बघतात तशी. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘‘मीठ बरोबर असा.’’

आमच्या आईकडून हा पुरस्कार आहे, हे ज्यांना कोकणातली आई आहे त्यांना सांगायला नको.

मग तिने जिभेने काहीतरी शोधलं. ‘‘काटो खंय गेलो?’’ मी सांगितलं, तिथेच आहे, मऊ झालाय. मोठ्या कुकरमध्ये शिजवतात. ती विचारात पडली. जेवण झालं, ताटं घासली, अंथरुणं घातली, दिवा घालवला आणि अंधारात तिचा प्रश्न आला, ‘‘म्हणजे आपल्या कुकरात घातलंय तर घरच्या तारल्याचो काटो पण जातलो?’’

मला हे सुचलंच नव्हतं! मी इतकं वाचलं, आकडे जमवले, पण घरच्या कुकरचं डोक्यात आलं नाही. प्रेशर पूर्ण धरला की आपल्या कुकरच्या आतही तापमान १२०च्या आसपास जातं. कारखान्यातल्या यंत्राएवढंच.

आमच्या बाबांच्या घशात दोन वर्षांपूर्वी काटा अडकला होता. तेव्हापासून त्यांनी तारली सोडली होती. आवडती, पण सोडली. पुढच्या बुधवारी रात्री आईचा फोन. अर्धा किलो तारले, कोकम, तिरफळ, थोडं तेल, थोडं पाणी, आणि कुकरची शिट्टी होऊन बारीक गॅसवर पाऊण तास. मागून बाबांचा आवाज, ‘‘सांग तिला, सहा खाल्ले!’’

(करणार असाल तर एक सूचना. घरच्या कुकरातला मासा फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांतच संपवायचा. कारखान्यातल्या डब्यासारखा तो कपाटात टिकत नाही. तिथे मासा आधी सील होतो आणि मग शिजतो. आपल्याकडे झाकण उघडलं की हवा आणि जंतू दोन्ही परत आत.)

तर सांगायचा मुद्दा...

ताजी तारली मिळत असेल तर ताजीच खा. यात वादच नाही. डबा तिची जागा घ्यायला आलेला नाही. तो आलाय बिर्याणीच्या ऑर्डरची, बिस्किटांच्या पुड्याची आणि ‘आज नुसता चहाच घेते’ची जागा घ्यायला. आपण चांगलं जेवण रविवारसाठी राखून ठेवतो आणि बाकीच्या सहा दिवशी पोटाला काहीबाही देऊन गप्प बसवतो. पण आयुष्य बघायला गेलं तर बहुतेक बुधवारांचंच बनलेलं असतं, नाही का?

आणि ही स्वस्त मासळी कायम मिळणारच, असंही गृहीत धरू नका. केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन मत्ती मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्राचं बदलतं तापमान आणि वाढ पूर्ण होण्याआधीच पकडलेली पिल्लं, दोन्ही कारणं सांगितली गेली. २०२२ पासून मासळी पुन्हा वाढू लागली. पण एकदा अशी गायब झालेली वस्तू माडाच्या मुळात घालण्याएवढी फालतू नक्कीच नाही.

माझं म्हणाल तर आता मसाल्याच्या डब्यामागे कायम दोन डबे असतात. रूममेट शाकाहारी, तरी परवा तिनेच आठवण केली, ‘‘अगं, आज बुधवार ना तुझा?’’ आणि गॅलरीचं दार स्वतःच उघडून ठेवलं. मार्चमधल्या रिपोर्टमध्ये बी-१२ रेषेच्या वर आलं. गोळ्यांचंही श्रेय आहेच, सगळं माशाच्या नावावर टाकत नाही. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, ‘‘परवा रात्री काय खाल्लं?’’

या वेळी मला आठवत होतं.